रकाना कोणी भरायचा?

केडगाव म्हटले की पुष्कळांना दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव आठवते. हे ते नव्हे. हे नगरचे केडगाव. अहमदनगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, लागून पुणे रस्त्यावर असलेले. गाव आता शहराचे उपनगरच झाले आहे. पण नवरात्रात पहाटेच्या अंधारात रेणुकामातेच्या दर्शनाला पायी निघालेल्या बायाबापड्यांची रांग लागते, तेव्हा जुने गाव पुन्हा दिसते.

एरवी पहाटे या भागात भेटतात ती भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी. नगर हे लष्कराचे गाव. त्यामुळे भरती हा शब्द इथे घरोघरी माहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८००. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. उंचीची अट निराळी, छातीचे माप फक्त मुलांचे. अर्जात एका रकान्यात ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ लिहिले की पुढची सगळी मापे त्या एका शब्दावरून ठरतात. मी शाळेत मराठी शिकवत असताना माझे कितीतरी विद्यार्थी या वाटेने गेले. त्यांचे अर्ज भरून देताना त्या रकान्याशी माझी लेखणी कधीही अडखळली नाही. तिथे विचार करण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते.

ते वाटायला लागले मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणामुळे. २०१८ साली नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या भरतीत एका मुलीने अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून महिला म्हणून अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मैदानी चाचणी झाली, दोन्हींत ती उत्तीर्ण झाली. नंतर वैद्यकीय तपासणीत आढळले की तिच्या पोटात गर्भाशय आणि बीजांडकोश नाहीत. पुढे गुणसूत्रांची तपासणी झाली आणि तिच्या अहवालाच्या आधारे तिला ‘पुरुष’ ठरवून नोकरी नाकारण्यात आली. जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढली होती. शाळेचा दाखला, प्रमाणपत्रे, सगळी कागदपत्रे मुलीची होती. आपल्या शरीरात असे काही आहे हे तिलाही त्या दिवशीच कळले.

मे २०२२ मध्ये न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने या प्रकरणाला अत्यंत दुर्दैवी म्हटले आणि तिच्याकडे कोणताही दोष जात नाही, हे स्पष्ट केले. राज्याच्या महाधिवक्त्यांनीही सहानुभूतीची भूमिका घेतली. तिला पोलीस खात्यातच, पण शिपाईपदाऐवजी दुसऱ्या पदावर घेण्याचा मार्ग निघाला. निकाल माणुसकीचा होता, यात शंका नाही. तरी एक प्रश्न मागे राहतोच. तिने जन्मभर जो रकाना भरला, तो एका अहवालाने परस्पर खोडला. हा अधिकार अहवालाला कुठून मिळाला?

या प्रश्नाचा माग काढत मागे गेले की बराच मोठा इतिहास लागतो.

शब्दांची गफलत

आधी शब्द निस्तरले पाहिजेत, कारण या विषयातली निम्मी अडचण शब्दांचीच आहे. ज्यांच्या जन्मजात शरीररचनेत (गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके, बाह्य किंवा आंतरिक जननेंद्रिये यांपैकी कशातही) स्त्री आणि पुरुष यांच्या रूढ साच्यात न बसणारे वैशिष्ट्य असते, त्यांना इंटरसेक्स म्हणतात. मराठीत यासाठी ‘आंतरलिंगी’, ‘मध्यलिंगी’ असे शब्द वापरले जातात. ‘उभयलिंगी’ हाही शब्द दिसतो; पण तोच दुसरीकडे स्त्री आणि पुरुष दोघांचे आकर्षण असणाऱ्यांसाठी वापरतात, म्हणून गोंधळ होतो. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयाची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी शीर्षकात ‘इंटरसेक्स’ हाच शब्द ठेवला. मीही इथे आंतरलिंगी आणि इंटरसेक्स दोन्ही वापरतो.

आंतरलिंगी असणे ही शरीराची गोष्ट आहे. पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असणे ही स्वतःच्या ओळखीची गोष्ट आहे. तिथे शरीर बहुधा रूढ साच्यातलेच असते. हिजडा ही एका समाजाची, गुरु-चेल्यांच्या परंपरेची ओळख आहे. राजदरबारातले खोजे हे तर लहानपणी जाणूनबुजून खच्ची केलेले पुरुष. ही चार वेगवेगळी माणसे आहेत. एखादी व्यक्ती यांतल्या दोन गटांत असू शकते. पण चारही एकच, असे समजणे चूक आहे.

किती जणांच्या बाबतीत असे घडते? बाह्य जननेंद्रियांवरून जन्मतःच निर्णय करता येत नाही अशी बाळे साधारण साडेचार-पाच हजारांत एक. गुणसूत्रांची आणि संप्रेरकांची सगळी वैशिष्ट्ये धरली तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने दिलेला अंदाज ०.०५ ते १.७ टक्के असा आहे. व्याख्या किती रुंद धरायची यावर तो हलतो. अनेकांना आपले वैशिष्ट्य वयात येताना कळते, काहींना मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर, आणि काहींना कधीच नाही. नाशिकच्या त्या मुलीला ते भरतीच्या तपासणीत कळले, इतकाच तिच्यात आणि इतरांत फरक.

व्याकरण, वैद्यक आणि वाटणी

वर्गात ‘लिंगविचार’ शिकवताना ‘नपुंसकलिंग’ हा शब्द आला की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. दरवर्षी व्हायची. मी दटावून पुढे जात असे. खरे तर तिथेच थांबून मुलांना दाखवायला हवे होते की आपली भाषा बाळाला कुठल्या लिंगात बोलावते. ते मूल, ते बाळ, ते लेकरू, ते पोरगं. ‘तो’ की ‘ती’ हा निवाडा होण्याआधी मराठी माणूस लेकराला ‘ते’ म्हणतो आणि त्यात त्याला काही उणे वाटत नाही. गोव्याच्या कोंकणीत तर मुलीसाठीही नपुसकलिंगी ‘तें’ येते. ज्या शब्दाला वर्गातली मुले हसत होती, त्याच लिंगात त्यांच्या आयांनी त्यांना अंगाखांद्यावर वाढवले होते.

व्याकरणातले लिंग आणि शरीरातले लिंग यांचा मेळ बसत नाही, हे पतंजलीने ‘महाभाष्या’त फार पूर्वी चर्चिले आहे. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांच्या प्रकरणाच्या आरंभी तो शरीराच्या खुणांवरून स्त्री, पुरुष आणि नपुंसक यांची व्याख्या मांडून पाहतो. मग विचारतो की खाट स्त्रीलिंगी आणि झाड पुल्लिंगी ठरवताना या खुणा कुठे शोधायच्या? खुणांवर उभारलेली व्याख्या अपुरी पडते, अशा बाजूने ही चर्चा जाते.

वैद्यकाची नजर वेगळी होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘द्विरेता’ या प्रकारात स्त्री आणि पुरुष दोहोंची चिन्हे असतात, आणि त्याचे कारण म्हणून आई-बापांच्या बीजाचा समान अंश व बीजाची विकृती ही दिली आहेत. सुश्रुताची यादी निराळी आहे. त्यांच्या कारणमीमांसेतले आज काही टिकणार नाही. तरी एवढे खरे की अशी माणसे जन्माला येतात हे त्या वैद्यांनी पाहिले होते, आणि त्याचे कारण पापात न शोधता गर्भाच्या घडणीत शोधले होते.

धर्मशास्त्रात मात्र प्रश्न वाटणीचा होता. महाराष्ट्रात वारसाहक्कासाठी जी ‘मिताक्षरा’ प्रमाण मानली गेली, ती विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली. याज्ञवल्क्याच्या वचनावरच्या या टीकेत ‘क्लीबा’ला वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाही, त्याला अन्नवस्त्र मात्र दिलेच पाहिजे. पुढे एक बारकावा आहे. वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला तर वाटा मिळतो. म्हणजे शरीर ‘दुरुस्त’ झाले की माणूस वारस होतो. ‘आधी दुरुस्ती, मग हक्क’ ही अट पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणार आहे, म्हणून ती इथे लक्षात ठेवावी.

ही अट कायद्याने पुसली गेली १९२८ मध्ये. त्या वर्षीच्या हिंदू वारसाविषयक कायद्याने आजार, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष यांमुळे वारसा नाकारणे बंद केले. जन्मजात वेड किंवा जडबुद्धी एवढाच अपवाद ठेवला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तोही काढला. कागदावर वाटा मिळाला. तो मागायला पुढे येण्याचे धैर्य मात्र कायद्याने मिळत नाही.

वतन, जोगवा आणि नोंदवही

मग ही माणसे गावात कुठे होती? मराठेशाहीतल्या दप्तरांतून त्यांचा एक पुसट माग लागतो. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ साली ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या हिजड्यांच्या हक्कांवर लेख लिहिला. मराठी राज्यात हिजड्यांना ठराविक मुलखात भिक्षा मागण्याचे वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे जाणारे, हक्क होते. काहींना जमीन व रोख नेमणूक होती. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखेच हे वतन. कंपनी सरकारला हे पटेना. भीक मागणे हा हक्क कसा असू शकतो, असा त्यांचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इनामांची चौकशी झाली, तीत हे हक्क मोडीत निघत गेले.

या वतनदारांमध्ये जन्मतः आंतरलिंगी किती होते? कागद ते सांगत नाहीत, कारण कागदाला तो भेद नको होता. ज्या घरात असे मूल जन्मले आणि वयात आल्यावर ते लपेना, त्या घराला ते मूल एखाद्या ओळखीच्या चौकटीत घालणे सोयीचे होते. हिजड्यांचा समाज ही एक चौकट. दुसरी चौकट देवीची. केडगावची देवी रेणुका; माहूरची रेणुका आणि सौंदत्तीची यल्लम्मा या त्याच परंपरेतल्या. त्या परंपरेत देवीला सोडलेले जोगते लुगडे नेसून, डोक्यावर जग घेऊन जोगवा मागत. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ आणि ‘चौंडकं’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांवर बेतलेल्या ‘जोगवा’ या २००९ च्या चित्रपटाने ते जग मराठी वाचक-प्रेक्षकांसमोर आणले. जोगता होण्यासाठी शरीर वेगळे असावे लागत नाही. केसांत जट निघाली तरी पुरे. पण ज्याचे शरीर वेगळे होते त्याला देवीच्या दारात निदान उभे राहायला जागा होती. त्या जागेची किंमत घर, शेत आणि स्वतःचे नाव अशी चुकवावी लागे. म्हणून जुन्या काळात या लोकांना फार मान होता असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही. पाय पडण्यात आणि पंक्तीला बसवण्यात फरक आहे.

इंग्रजांनी चौकट बदलली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता आणि तो उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांत आधी लागू झाला. मुले पळवणे व खच्ची करणे अशा गुन्ह्यांचा संशय असलेल्यांची नोंदवही ठेवायची. त्यांनी रस्त्यावर बायकी कपडे घालायचे नाहीत, नाचायचे नाही, सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवायचा नाही, मृत्युपत्र करायचे नाही, दत्तक घ्यायचे नाही. या कायद्यातली व्याख्या मुळातून पाहण्याजोगी आहे. जो पुरुष स्वतः तसे कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत जो नपुंसक असल्याचे स्पष्ट दिसते, तो या व्याख्येत येतो. माणसाच्या शब्दाच्या जोडीला डॉक्टरांची तपासणी आली, आणि तपासणीचा निकाल सरकारी वहीत गेला. भरतीच्या टेबलावरच्या त्या अहवालाची वंशावळ इथून सुरू होते.

चाकू

विसाव्या शतकात हे प्रकरण गावातून आणि दप्तरातून शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचार मांडला. मूल मुलगा म्हणून वाढेल की मुलगी म्हणून, हे बव्हंशी संगोपनावर ठरते; म्हणून जननेंद्रिये संदिग्ध असतील तर लहानपणीच शस्त्रक्रिया करून एका बाजूचा निर्णय करावा आणि मुलाशी त्याविषयी संदिग्ध बोलू नये. हा विचार जगभरच्या वैद्यकात रुजला. पुढे १९९७ मध्ये डेव्हिड रायमर या कॅनडातल्या माणसाची कहाणी उघडकीला आली. तो आंतरलिंगी नव्हता. तान्हेपणी सुंतेच्या वेळी झालेल्या अपघातानंतर मनींच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले गेले. पण तो ते कधीच स्वीकारू शकला नाही. त्या विचाराचा पाया तिथे हादरला.

त्याआधी वर्षभर, २६ ऑक्टोबर १९९६ रोजी, बोस्टन शहरात बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाबाहेर काही इंटरसेक्स माणसे फलक घेऊन उभी राहिली. लहानपणी न विचारता केलेल्या शस्त्रक्रियांनी आयुष्यभराच्या वेदना, संवेदनाहीनता आणि वंध्यत्व दिले, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांच्या स्मरणार्थ २६ ऑक्टोबर हा इंटरसेक्स जागृती दिन म्हणून पाळला जातो. तो बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो.

इथे डॉक्टरांवर सरसकट रोष धरणे बरोबर नाही. काही प्रसंगी तातडीचे उपचार जीव वाचवतात. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात शरीरातले मीठ झपाट्याने घटते आणि वेळेत औषध मिळाले नाही तर बाळ दगावू शकते. लघवीचा मार्ग बंद असेल तर तो उघडावाच लागतो. वाद आहे तो बाळाच्या जिवासाठी नव्हे, तर पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांचा. आणि पाहणारे म्हणजे आपणच. जन्मापूर्वी ‘मुलगा की मुलगी’ विचारण्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला. जन्मानंतर मात्र दारात आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर देता आले नाही तर आईबाप कोणत्याही कागदावर सही करायला तयार होतात. त्या क्षणी त्यांच्याशी बोलणारे, ‘थांबा, घाई नाही’ म्हणणारे कुणी नसते. जे मूल त्या सहीचे परिणाम भोगणार, ते तर बोलूच शकत नाही.

माजलगावचे ललित साळवे

नगरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली घटना अनेकांना आठवत असेल. माजलगावच्या पोलीस ठाण्यातल्या महिला शिपाई ललिता साळवे यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. जन्मतः मुलगी समजून वाढवलेल्या साळवे यांच्या शरीरात वाय गुणसूत्र असल्याचे तपासणीत आढळले होते आणि ते स्वतःला पुरुष म्हणून ओळखत होते. वरिष्ठ कार्यालयाने परवानगी नाकारली, कारण महिला आणि पुरुष शिपायांसाठी पात्रतेचे निकष वेगळे. महिला म्हणून घेतलेल्या व्यक्तीला पुरुष म्हणून कसे ठेवायचे? साळवे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ही सेवेविषयीची बाब असल्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. अखेर मे २०१८ मध्ये राज्याच्या गृहखात्याने मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले, २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले.

बहुतेक वर्तमानपत्रांनी ही बातमी ‘लिंगबदल’ म्हणून दिली. साळवे यांच्या दृष्टीने बदल झाला होता तो जन्मावेळी, इतरांनी चुकीचा रकाना भरला तेव्हा. त्यांनी तो वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, जाणतेपणी, स्वतः दुरुस्त केला. ‘लिंगबदल’ या एका शब्दाने त्यांच्या जन्मजात शरीराची गोष्ट पडद्याआड गेली, आणि मराठी वाचकाला आंतरलिंगी हा विषय समजावून घेण्याची मोठी संधी हुकली.

आता नाशिकचे प्रकरण शेजारी ठेवा. दोन्ही ठिकाणी महिला शिपाईपद, दोन्ही ठिकाणी गुणसूत्रांचा अहवाल. साळवे पुरुष म्हणून ओळख मागत होते. त्यांना निकषांनी अडवले. नाशिकची मुलगी स्त्री म्हणून राहू इच्छित होती. तिला अहवालाने अडवले. एकाच प्रकारच्या पुराव्यावर दोघांच्या मागण्या उलट्या, आणि माझ्या मते दोघांच्याही मागण्या रास्त. हा विरोधाभास वाटतो तो ‘खरे लिंग कुठले’ हा प्रश्न अहवालाला विचारला तर. तो त्या माणसाला विचारला की विरोध उरत नाही.

हाच न्याय तिसऱ्या रकान्यालाही लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कान उघाडणी केल्यावर राज्याने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र पर्याय दिला. ज्यांना तो हवा होता त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. नाशिकच्या मुलीसाठी मात्र तो निरुपयोगी आहे; ती तिसरी कुणी नाही, ती स्त्री आहे. रकाने दोन आहेत की तीन, यापेक्षा तो भरतो कोण, हा प्रश्न मूळचा.

कायदा कुठवर आला

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा, असे म्हटले. तो निकाल मुख्यतः तृतीयपंथीयांचा होता. आंतरलिंगी मुलांचा प्रश्न थेट हाताळला मद्रास उच्च न्यायालयाने. तुतीकोरीनच्या एका जोडप्याच्या विवाहनोंदणीचे प्रकरण २२ एप्रिल २०१९ रोजी निकाली काढताना न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी विवाह नोंदवायला सांगितलेच, शिवाय आंतरलिंगी बालकांवर लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करण्यास मनाई करावी असाही आदेश सरकारला दिला. मदुराईचे गोपी शंकर यांच्यासारखे कार्यकर्ते हा प्रश्न कित्येक वर्षे लावून धरत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवला. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्याआधी २०१५ मध्ये माल्टा या छोट्या देशाने असा कायदा केला होता.

तामिळनाडूला हे आधी सुचण्यामागे एका धावपटूचे दुःखही असावे, असे मला वाटते. पुदुकोट्टईजवळच्या खेड्यातल्या शांती सौंदरराजन यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि त्यांच्या शरीराची चर्चा जगभर झाली. त्यांनी कुणाला फसवले नव्हते. पण त्यांचे नाव मैदानावरून गेले ते गेलेच. भरतीतल्या ८०० मीटरच्या धावेकडे पाहताना मला ती धाव आठवते.

केंद्राच्या २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्यात आंतरलिंगी व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या आहे; मात्र त्याच कायद्याने त्यांना ‘ट्रान्सजेंडर’च्या मोठ्या व्याख्येतही बसवले. वतनाच्या काळात जे झाले तेच पुन्हा झाले. नाव मिळाले, पण दुसऱ्याच्या घरात.

मोजणीतली मुले

२०११ च्या जनगणनेत प्रथमच पुरुष आणि स्त्री यांच्याबरोबर ‘इतर’ हा पर्याय आला. देशात ४,८७,८०३ जणांनी तो निवडला; महाराष्ट्रात ४०,८९१. या आकड्यांत कोण कोण आहे हे वेगळे काढता येत नाही. पण देशाच्या आकड्यातले ५४,८५४ हे शून्य ते सहा वर्षांचे आहेत, हे वाचून मी थबकलो. सहा वर्षांखालचे मूल स्वतःची ओळख जनगणनेच्या माणसाला सांगत नाही. ती आईने, बापाने किंवा आजीने सांगितली. काही नोंदी चुकीच्या असतील, हे धरूनही यातल्या काही घरांत तरी दार उघडून ‘आमचे लेकरू दोन्हींत बसत नाही’ असे मोकळेपणी म्हणणारे कुणी होते. समाज तयार नाही असे आपण म्हणतो, तेव्हा या दारांकडे पाहावे.

दृश्यता म्हणतात ती मला इथे दिसते. वाहिनीवर चेहरा येणे हा तिचा एक भाग. पण शांती सौंदरराजन यांचा चेहरा जगाने पाहिला आणि त्यात त्यांचे भले झाले नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतः निवडलेल्या वेळी दिसणे ही खरी गोष्ट. त्यासाठी करायचे ते फार अवघडही नाही. महाराष्ट्राने तामिळनाडूसारखा आदेश काढावा. आशाताईंच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात या विषयाचा एक तास असावा, म्हणजे घाबरलेल्या आईबापांना पहिला शब्द धीराचा ऐकू येईल. भरतीच्या तपासणीत गुणसूत्रांवरून कुणाची ओळख खोडली जाऊ नये; शिपायाने धावावे, कायदा जाणावा, माणसाशी नीट वागावे, यात गुणसूत्रांचा संबंध येत नाही. आणि आठवीच्या मराठीच्या तासाला ‘नपुंसकलिंग’ आले की शिक्षकाने दटावून पुढे जाऊ नये.

मी ते इतकी वर्षे केले. आज पुन्हा वर्गात उभा राहिलो तर मुलांना आधी एवढेच विचारीन, की घरी नवे बाळ आले तेव्हा आजी त्याला काय म्हणाली? ‘ते बघ कसं हसतंय.’ निवाड्याआधीचा हा शब्द आपल्याकडे आहे. बाळ मोठे होऊन स्वतः ‘तो’ म्हणेल, ‘ती’ म्हणेल किंवा आणखी काही म्हणेल, तोवर रकाना कोरा ठेवण्याइतका धीर आपल्याला धरता आला पाहिजे.